जुन्या वाड्याचा इतिहास कसा शोधावा: पुण्याच्या पेठांमधल्या घरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

पुण्याच्या पेठांमध्ये आज एखादा जुना वाडा उभा दिसला, तर बहुधा त्याच्या पुनर्विकासाची बोलणी कुठेतरी चालू असतात. वारसांच्या सह्या, भाडेकरूंशी तडजोड, बिल्डरशी करार यांत वर्षं जातात. सगळं जमून आलं की मात्र काही दिवसांत जागा मोकळी होते. वाड्याचा इतिहास लिहायचा असेल तर तो वाडा उभा असताना, निदान त्यात राहिलेली माणसं हयात असताना लिहायला हवा.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. मालकांचा इतिहास सरकारी कागदांत बराचसा सापडतो. राहणाऱ्यांचा इतिहास कोणत्याही एका कचेरीत नसतो, तो माणसांकडून आणि किरकोळ वाटणाऱ्या चिठ्ठ्याचपाट्यांतून गोळा करावा लागतो. बुधवार पेठेतल्या भिडे वाड्याला नाव मालकाचं, पण तो वाडा महाराष्ट्राला माहीत आहे तो १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी तिथे मुलींची शाळा काढली म्हणून. ती जुनी इमारत स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडली गेली. नाव मालकाचं आणि मोल तिथे वावरलेल्या माणसांचं, हे जवळजवळ प्रत्येक वाड्याच्या बाबतीत खरं आहे. म्हणून मालकांची यादी झाली की काम संपलं, असं समजू नका.

सुरुवात वयस्कर माणसांपासून

बहुतेक जण आधी कचेरीत जातात. माझं मत उलटं आहे. कागद आणखी सहा महिने थांबतील, ऐंशी-नव्वदीतली माणसं थांबतीलच असं नाही. वाड्यात वाढलेली, लग्न होऊन बाहेर गेलेली, वाड्यात सून म्हणून आलेली, समोरच्या वाड्यातली, अशी जितकी नावं मिळतील तितकी लिहून काढा आणि आधी त्यांना भेटा.

भेटीला जाताना वाड्याचा कच्चा नकाशा काढून न्या. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर, माडीचे जिने, आड, परसदार एवढं दाखवलं तरी पुरे. "वाड्याबद्दल काहीतरी सांगा" असं विचारलं की तीच तीन वाक्यं मिळतात. त्याऐवजी बोट ठेवून विचारा: या खोलीत कोण राहत होतं? त्यांच्या आधी कोण? नळ आला तेव्हा तो कुठे बसवला? आडाचं पाणी कोण कोण भरायचं? संडास कुठल्या बाजूला होते, आणि पाळ्या कशा ठरायच्या? पहिला रेडिओ कोणाकडे आला? गणपती कोणाच्या ओसरीवर बसायचा? भाडं गोळा करायला कोण यायचं? पाणी, भाडं आणि सण या तीन गोष्टींवर बोलायला लागलं की नावं आपोआप बाहेर येतात.

सालं थेट विचारू नका, सांगताना चुकतात. "पानशेतच्या आधी की नंतर?" असं विचारा, म्हणजे पानशेतचं धरण फुटून पूर आला त्याच्या. १२ जुलै १९६१ ही तारीख पुण्याच्या त्या पिढीला कोणत्याही कॅलेंडरपेक्षा पक्की आठवते. स्वतःचं लग्न, मॅट्रिकचं वर्ष, गांधीजींच्या खुनानंतरची जाळपोळ, आणीबाणी हेही असेच खुंटे.

स्त्रियांना वेगळ्या भेटा. पुरुष मालकीचे वाद सांगतात, बायका खोल्यांमधली माणसं सांगतात: कोणत्या विधवा आत्याबाई जिन्याखालच्या खोलीत राहायच्या, शिक्षणासाठी आलेला मुलगा कोणाकडे वारावर जेवायचा, कोणाचं बाळंतपण कुठल्या खोलीत झालं. रेकॉर्डिंग करायचं असेल तर परवानगी घ्या, आणि काय छापायचं नाही हेही तिथेच विचारून ठेवा.

पत्ता आणि भूमापन क्रमांक

आता कागद. पेठेतल्या पत्त्यातला आकडा हा अनेकदा नगर भूमापन क्रमांक (सिटी सर्व्हे नंबर) असतो, पण गृहीत धरू नका. जुन्या कागदांवर नगरपालिकेचा घर क्रमांक असतो, कधी जुना आणि नवा असे दोन्ही. मिळकत कराच्या बिलावरचा क्रमांक आणखी वेगळा. हे सगळे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर एकाखाली एक लिहून ठेवा, कारण पुढची प्रत्येक कचेरी तुम्हाला यांतला वेगळाच क्रमांक विचारणार आहे.

पेठांची नावंही बदललेली आहेत. शनिवार पेठेचं जुनं नाव मुर्तजाबाद, रविवारचं मलकापूर, बुधवारचं मोहियाबाद, शुक्रवारचं विसापूर, सोमवारचं शहापुरा, गुरुवारचं वेताळ पेठ, रास्ता पेठेचं शिवपुरी, नाना पेठेचं हनुमंत पेठ. गंज पेठ आता महात्मा फुले पेठ झाली आहे. हे माहीत नसेल तर आपल्याच वाड्याचा कागद हातात येऊनही ओळखू येणार नाही. वाड्याची नावंही अशीच बदलतात. टिळकांनी १९०५ साली विकत घेतलेला गायकवाड वाडा पुढे केसरीवाडा झाला. जुनं नाव माहीत नसेल तर शोध मधेच तुटतो.

मालमत्ता पत्रक वाचणं

नगर भूमापन क्रमांक हाती आला की मालमत्ता पत्रक काढा. आजचं पत्रक महाभूलेखच्या संकेतस्थळावर मिळतं, पण ते तेवढ्यापुरतंच उपयोगी आहे. तुम्हाला हवं आहे ते नगर भूमापन कार्यालयातलं जुनं, हाताने लिहिलेलं पत्रक आणि मूळ चौकशीच्या वेळची चौकशी नोंदवही. नक्कलेसाठी रीतसर अर्ज करा आणि अर्जात "सर्व जुन्या फेरफार नोंदींसह" असं स्पष्ट लिहा. नाहीतर फक्त चालू पान हातात पडतं.

पत्रकावर सत्ताप्रकार (जमीन कोणत्या हक्काने धरली आहे ते), क्षेत्र, मूळ धारक आणि खाली फेरफारांचे रकाने असतात: तारीख, व्यवहार, नवीन धारक, पट्टेदार किंवा भार, आणि अधिकाऱ्याची सही. भार म्हणजे बोजा, गहाण वगैरे. वाचणारे नवीन धारकांच्या नावांवरून नजर फिरवतात आणि पुढे जातात. खरी माहिती "व्यवहार" या रकान्यात असते. तिथे "वारसाने", "खरेदी", "वाटणीने", "मृत्युपत्राने" असे शब्द येतात, आणि त्यांच्यासोबत ए.कु.मॅ. किंवा अ.पा.क. अशी अक्षरं.

ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचं असलं तरी हक्क अनेकांचा होता, असं समजायचं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. समजा एका नोंदीत दोन मुलांची नावं आहेत आणि पुढे "अ.पा.क. आई" एवढंच लिहिलं आहे. या एका ओळीतून किती कळतं पाहा. बाप मुलं लहान असताना गेला. वाडा विकला गेला नाही. एक विधवा बाई भाडी वसूल करून, कर भरून, दीर-जावांना तोंड देऊन तो सांभाळत होती. मुलं सज्ञान झाल्याची पुढची नोंद सापडली की तिच्या कारभाराची वर्षंही मोजता येतात. तिचं स्वतःचं नाव कदाचित या पत्रकात कधीच येणार नाही. ते दुसरीकडे शोधायचं आहे, अशी खूण तिथे करून ठेवा.

जुन्या कागदांत "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा, "कोम" किंवा "भ्र." म्हणजे अमक्याची बायको. बाईचं नाव आलंच तर बहुधा असंच येतं. नाव खोडलेलं किंवा कंसात घातलेलं दिसलं तर तो हक्क संपला असं समजा आणि का संपला ते नोंदीच्या क्रमांकावरून शोधा.

वाडा देवस्थानाचा किंवा न्यासाचा असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयातला न्यास नोंदणीचा उतारा काढा. १९५० च्या विश्वस्त कायद्यानंतर नोंदवलेल्या न्यासांच्या मिळकती त्यात लिहिलेल्या असतात.

दुय्यम निबंधकाकडचे दस्त

मालमत्ता पत्रक सांगाडा देतं, दस्त त्यावर मांस चढवतात. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे स्थावर मिळकतीचे दस्त पुस्तक क्रमांक १ मध्ये नोंदले जातात, आणि ते पुस्तक व त्याच्या सूची कोणालाही फी भरून पाहता येतात, नक्कलही मिळते. मृत्युपत्रांच्या पुस्तकाला हे लागू नाही. तिथे मृत्युपत्र करणारा हयात असेतो नक्कल त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीलाच मिळते, तो गेल्यावर मात्र अर्ज करणाऱ्या कोणालाही मिळते. सूची क्रमांक २ मिळकतीप्रमाणे लावलेली असते. अलीकडचे दस्त नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतात, जुन्यांसाठी कार्यालयात बसून सूची चाळावी लागते. हे काम रोज करणारे शोध घेणारे लोक आणि वकिलांचे कारकून असतात. पहिल्या खेपेला त्यांच्यापैकी कोणाला सोबत घ्या, दिवस वाचतात. मालकाकडे बँकेसाठी किंवा बिल्डरसाठी केलेला तीस वर्षांचा शोध अहवाल असेल तर तोही मागून घ्या.

खरेदीखतापेक्षा वाटणीपत्र शंभरपट बोलकं. खरेदीखतात वाडा एक मिळकत असतो, वाटणीपत्रात तो खोल्यांमध्ये उलगडतो: अमक्याच्या वाट्याला माडीवरच्या पूर्वेकडच्या दोन खोल्या, तमक्याला ओसरी आणि तिच्यामागची पडवी, आड, संडास व येण्याजाण्याचा बोळ सामाईक. अनेकदा पुढे "सदर खोल्यांत भाडेकरू अमुक राहतात" असंही येतं. तुमच्या कच्च्या नकाशाला पहिला लेखी आधार इथे मिळतो. गहाणखतही नीट वाचा. वाडा कोणत्या साली गहाण पडला हे कळलं की त्या घरात तेव्हा लग्न, आजारपण, शिक्षण, धंद्यातली खोट यांपैकी काय चाललं होतं, हे माणसांना विचारता येतं.

प्रत्येक दस्तातली चतुःसीमा शब्दशः उतरवून घ्या. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस अमक्याचा वाडा, पश्चिमेस बोळ. या चार ओळींनी दोन कामं होतात. क्रमांक बदलले तरी वाडा तोच आहे हे सिद्ध होतं, आणि आपल्या घराचा कागद मिळत नसेल तर शेजाऱ्याच्या कागदात आपल्या मालकाचं नाव मिळतं. अडलेला शोध शेजाऱ्याच्या चतुःसीमेने सुटतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

वाडा स्वतः काय सांगतो

दगडी जोतं, चपट्या विटा, चुना, सागवानी खांब, महिरपी, कडीपाट, भिंतीतलं बळद या गोष्टी जुनेपण सांगतात, पण नेमकं साल सांगत नाहीत. शिवाय जुने खांब-तुळया पडलेल्या वाड्यातून आणून दुसरीकडे बसवण्याची रीत होती, तेव्हा एका सुंदर खांबावरून सबंध वाडा पेशवाईतला ठरवू नका. कारागिरीपेक्षा कारखान्याचा माल तारखेला जास्त उपयोगी पडतो. लोखंडी तुळईवर टाटाचा शिक्का असेल तर ती १९१२ च्या आधीची नाही, कारण टाटांचं पोलाद त्या साली निघायला लागलं. नक्षीदार सिमेंटच्या फरश्या देशात बनायला लागल्या त्या साधारण १९२० नंतर. मंगलोरी कौलांवरच्या आकड्याला मात्र भुलू नका. बासेल मिशनच्या कौलावर १८६५ असं दिसतं, ते कारखाना निघाला ते साल आहे, कौल भाजलं ते नव्हे.

भिंतीवर १९६१ च्या पुराची रेघ किंवा ओलीचा पट्टा राहिला असेल तर जमिनीपासूनची उंची मोजून फोटो काढा.

इंग्रजीच्या आधीचा काळ

शोध १८१८ च्या, म्हणजे पेशवाई संपली त्या सालाच्या, मागे न्यायचा असेल तर मोडी लिपी आलीच. पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला सगळे पेशवे दप्तर म्हणतात, मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळातही मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे. मंडळाची स्थापना १९१० ची. संशोधक म्हणून अर्ज, ओळखपत्र आणि नेमका विषय लिहून द्यावा लागतो. "माझ्या वाड्याची माहिती हवी" असं लिहू नका. पेठ, मूळ घराण्याचं नाव, अंदाजे साल आणि कागदाचा प्रकार लिहा. पाहण्याजोगे प्रकार म्हणजे घरांच्या आणि माणसांच्या गणतीच्या याद्या म्हणजे खानेसुमारी, शहर कोतवालीचे कागद, आणि जागा इनाम असेल तर इनामाच्या चौकशीचे कागद.

तारीख वाचायची पद्धत समजून घ्या, कारण साल सुहूर सनात, म्हणजे त्या काळी कागदांत वापरल्या जाणाऱ्या कालगणनेत, अरबी शब्दांत येतं. एकं आधी, मग दहं, शतक, हजार. "सलासीन मया व अलफ" म्हणजे ३० अधिक १०० अधिक १०००, सुहूर सन ११३०. हा सन मृग नक्षत्राच्या सुमाराला बदलतो, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे ११३० हा १७२९-३०. शनिवारवाड्याचा पाया जानेवारी १७३० मध्ये घातला गेला तो याच सनात. महिना-तिथी "छ" या अक्षरानंतर मुसलमानी महिन्याने येते. शक दिला असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्याच्या आधीपर्यंत ७९.

मोडी येत नसेल तर दोन पर्याय आहेत: वर्गाला जाऊन शिकणं किंवा जाणकाराकडून लिप्यंतर करून घेणं. थोडी तरी शिकाच. सराईत वाचकाला तुमच्या घराण्याचं आडनाव ओळखीचं नसतं, तुम्हाला असतं.

मोडीत न शिरता या काळाकडे पाहायचं असेल तर १८८५ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे शहरावरचा भाग वाचा. त्यात पेठवार वर्णन आणि त्या वेळच्या मोठ्या वाड्यांची माहिती आहे.

राहणारी माणसं

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. भाडेकऱ्यांचा पहिला कागद म्हणजे भाडेपावती. मालकाच्या घरी पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती (पावती फाडून दिल्यावर पुस्तकात राहणारा भाग) पोटमाळ्यावर असतात, आणि लोक आधी त्याच रद्दीत काढतात. त्या मागून घ्या. नाव, महिना, रक्कम आणि कधी खोलीचं वर्णन यावरून वर्षानुवर्षांची वस्ती उभी राहते.

दुसरा ठेवा कोर्टातला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यात प्रमाण भाडं ठरवताना १ सप्टेंबर १९४० चं भाडं आधार धरलं जायचं. त्यामुळे अशा दाव्यांत १९४० साली त्या खोलीत कोण होतं आणि काय भाडं देत होतं, याची साक्षीपुराव्यानिशी चर्चा असते. जागा खाली करण्याच्या दाव्यांत तर घरात किती माणसं, कोणाचं लग्न झालं, कोण आजारी हेही येतं. कोर्टातल्या जुन्या फायली कायम राहत नाहीत, म्हणून आधी पक्षकारांच्या घरी निकालपत्राची प्रत विचारा. त्यातला सगळा मजकूर छापण्यासारखा नसतो. हयात माणसांचं खासगी आयुष्य गाळायचं.

जुन्या मतदारयाद्यांत घर क्रमांकाखाली सगळ्या प्रौढांची नावं येतात, आणि बायकांचीही स्वतंत्र नावं. "अ.पा.क. आई" अशी जिची नोंद होती, तिचं नाव इथे मिळण्याची शक्यता असते. महापालिकेच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, मिळकत कर आकारणीची रजिस्टरं आणि शाळेचं जनरल रजिस्टर यांचाही उपयोग होतो, पण तिथे बहुधा नातेवाइकाचा अर्ज लागतो.

घराण्याचा कुलवृत्तान्त, म्हणजे वंशावळीसह लिहिलेला इतिहास, छापलेला असेल तर तो हमखास पाहा. त्यात कोण कुठल्या पेठेत राहत होतं आणि कुठे स्थलांतरित झालं हे असतं. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं यात्रेकरूच्या सहीसह असतात, आणि बरोबर आलेल्या बायकामुलांचीही. वृत्तपत्रांत 'ज्ञानप्रकाश' १८४९ पासून, 'केसरी' १८८१ पासून, 'सकाळ' १९३२ पासून. बातम्यांपेक्षा जाहीर नोटिसा आणि निधनवार्ता चाळा. मिळकत घेण्याआधी दिलेल्या नोटिशीत भूमापन क्रमांक, चतुःसीमा आणि मालकाचं नाव एका जागी असतं.

दोन घटनांनी पेठांमधली वस्ती हलली, त्यांच्या आसपासची वर्षं विशेष बारकाईने तपासा. पहिली १८९७ ची प्लेगची साथ. घरं तपासली गेली, माणसं शहराबाहेर झोपड्यांत गेली, काही घराणी परत आलीच नाहीत. दुसरी पानशेत. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांतल्या नदीकाठच्या भागांत वाडे कोसळले, कागद वाहून गेले, आणि भाडेकरू पूरग्रस्तांच्या नव्या वसाहतींमध्ये गेले. वाड्याचे जुने रहिवासी सापडत नसतील तर गोखलेनगर, लोकमान्यनगर या बाजूला विचारा. तिथे अजूनही "आम्ही मूळचे अमक्या वाड्यातले" असं सांगणारी घरं आहेत.

ऐकीव गोष्टी

"इथून शनिवारवाड्यापर्यंत भुयार आहे", "नाना फडणवीस इथे यायचे" हे जवळजवळ प्रत्येक वाड्यात ऐकू येतं. ते लिहून घ्या, सांगणाऱ्याच्या नावासह, पण वेगळ्या पानावर. भुयार म्हणून दाखवतात ते पुष्कळदा तळघर असतं किंवा कात्रजच्या नळाशी जोडलेल्या हौदांच्या पाणीव्यवस्थेचा भाग. पेशवाईत बांधलेली ती पाणीयोजना स्वतःच इतकी थोर आहे की तिचा दुवा तुमच्या वाड्यात सापडला तर भुयारापेक्षा मोठी गोष्ट सापडली असं समजा.

मांडणी

शेवटी सगळं दोन तक्त्यांत उतरवा. पहिला मालकीचा: साल, व्यवहार, कोणाकडून कोणाकडे, कागदाचा क्रमांक. दुसरा खोलीनिहाय: आडवे दशकांचे रकाने, उभ्या खोल्या, प्रत्येक चौकोनात कोण राहत होतं आणि हे कशावरून कळलं. "पावती", "मतदारयादी", "आठवण" असा आधार प्रत्येक नावापुढे हवाच. दोन आधार जुळत नसतील तर दोन्ही ठेवा, एक पुसू नका. रिकामे चौकोनही तसेच ठेवा. रिकामा चौकोन पाहून माणसांना आठवतं, छापील उताऱ्यावरून आठवत नाही.

वाडा पाडायचं ठरलं असेल तर आधी प्रत्येक खोलीची मोजमापं, चारही भिंतींचे फोटो, दारांचे व कड्या-कोयंड्यांचे जवळून फोटो घ्या आणि फाईलला खोलीचं नाव द्या. वाडा वारसा यादीत आहे का, असल्यास कोणत्या श्रेणीत, हे महापालिकेच्या वारसा विभागात आधीच विचारा, कारण त्यावरून पाडण्याची परवानगीच बदलते.

झालेल्या कामाच्या प्रती काढून मालकांना, ज्यांनी आठवणी सांगितल्या त्या प्रत्येक घराला आणि एखाद्या जुन्या ग्रंथालयाला द्या. प्रत दिल्यावर महिनाभरात कोणीतरी फोन करून सांगेल की माडीवरच्या खोलीत आमच्या आधी अजून एक कुटुंब होतं. त्या चौकोनात ते नाव घाला, पुढे "आठवण" लिहा, आणि खाली त्या दिवशीची तारीख टाका.